कर्नलचा खुबा

अन्याय झाला बर्फीवर. कधी झाला तेही नेमकं सांगते: तिच्या जन्माच्या त्रेसष्ट दिवस आधी, जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी, नजफगडच्या पुढच्या एका फार्महाउसच्या मागच्या अंगणात. त्या सकाळी कर्नल नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याची आणि त्याच्या स्वतःच्या मुलीची, लक्ष्मीची, जोडी लावण्यात आली. वार मला कसा माहीत? मालक धर्मवीर यांनीच सांगितला, छाती काढून: "मंगलवार था जी, हनुमानजी का दिन. शुभ काम था."

त्या शुभ कामातून बर्फी झाली. आठ महिन्यांची असताना ती सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकून पळायची आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून वर बघत राहायची. सोसायटीतली माणसं म्हणायची, "हाऊ क्यूट, उड्या मारते!" तिचं दुखत होतं. म्हणून ती उड्या मारत होती.

बर्फी आता माझ्याकडे असते. ती नाफडेकाकूंची. काकू गेल्या उन्हाळ्यात गेल्या आणि मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीने व्हॉट्सॲपवर हात जोडलेली चित्रं टाकून त्यांना 'महान प्राणिप्रेमी' ठरवलं. हे वाचून काकूंनी आधी शुद्धलेखन तपासलं असतं आणि मग शिवी दिली असती. प्राणी त्यांना फारसे आवडत नसत. कबुतरांना त्या झाडूने हाणत. मांजरीबद्दल त्यांचं मत छापण्यासारखं नाही. कुणी त्यांच्या गळ्यात पडून "आंटी, यू आर सो काइंड" वगैरे म्हणालं तर त्या चष्म्यावरून बघत, "मी एक्स-रेवाली आहे," म्हणत. जणू दयाळू असणं ही दुसऱ्या खात्याची ड्यूटी.

त्या मूळच्या नागपूरच्या. बत्तीस वर्षं दिल्लीतल्या एका सरकारी दवाखान्यात माणसांचे फोटो काढले. एक्स-रेला त्या फोटोच म्हणत. निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंती बघवेनात, म्हणून जवळच्या एका प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये दुपारी तेच काम धरलं. फरक काय, तर म्हणायच्या, "माणूस टेबलावर खोटं बोलतो. इथे लागलं, तिथे लागलं, ऑफिसची सुट्टी पाहिजे असते. कुत्रं चावतं, पण खोटं नाही बोलत."

धंद्याची सवय अंगात इतकी मुरलेली की घरीदारी त्यांचा एकच हुकूम चाले: "साँस रोको." रिक्षावाला हुज्जत घालायला लागला की, "साँस रोको!" तो खरंच थांबे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन रिटायर्ड अधिकारी एकमेकांच्या अंगावर गेले, तेव्हा मागच्या खुर्चीवरून काकूंचा आवाज आला, "दोनों साँस रोको, हिलो मत." दोघं थिजले. अर्ध्या मिनिटाने काकू म्हणाल्या, "छोडो." मीटिंग पुढे सुरू झाली.

माझी त्यांची गाठ पडली ती कुत्र्यांच्या एका प्रदर्शनाबाहेर. परभणीहून मी कलेक्टर व्हायला दिल्लीत आले होते. प्रिलिम दोनदा बुडाली आणि तोवर प्राण्यांच्या हक्कांवर काम करणाऱ्या मुलांच्या गटात मी हिंदीत आणि मराठीत पत्रकं लिहायला लागले होते. त्या दिवशी आत शॅम्पू केलेली कुत्री गोल गोल फिरत होती आणि बाहेर मी घसा फोडून पत्रकं वाटत होते. हिरवी शाल, पायात पुरुषी बूट अशी एक बाई आली, गठ्ठ्यातलं मराठी पत्रक निवडून घेतलं, तिथेच उभ्या उभ्या पेन काढून खुणा केल्या आणि मला परत दिलं. परीक्षेचा पेपर परत मिळावा तसं.

"'सर्व जातिवंत कुत्री जन्मतः आजारी असतात.' हे कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे... बऱ्याच असतात."

"मग बऱ्याच लिही. आणि तीन उद्गारचिन्हं कशाला? मोडलेल्या हाडाच्या बाजूला मी उद्गारचिन्ह काढत होती का? मोडलं असेल तर दिसतं. अन् हे 'हिप जॉइंट' काय लिहून राहिली? मराठीत शब्द नाही का?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

"खुबा," त्या म्हणाल्या. "आजी पडली की काय मोडतं तुमच्याकडे? खुबाच ना?"

दिल्लीत येऊन माझा तो शब्द हरवला होता. तो परत मिळाला आणि त्याच्याबरोबर काकू आल्या. त्यानंतर माझं एकही पत्रक त्यांच्या पेनातून गेल्याशिवाय छापलं गेलं नाही. त्यांनी माझी सगळी विशेषणं मारली. 'निर्घृण', 'नराधम', 'रक्तपिपासू' अशी चांगली कमावलेली विशेषणं. "तुझ्या पत्रकात जागा कमी आहे, शिव्यांनी भरून टाकू नको," म्हणायच्या.

एकदा त्यांच्या लिफ्टमध्ये एक पुण्याचं जोडपं भेटलं. आयटीतलं, सुसंस्कृत, मराठी मंडळाच्या गणपतीत अथर्वशीर्ष म्हणणारं. कडेवर पग. मे महिना. पग घर्र घर्र करत होता. बायको कौतुकाने म्हणाली, "काकू, ऐका ना, हा जागेपणीपण घोरतो!"

"घोरत नाही तो. गुदमरून राहिला."

"नाही हो, या ब्रीडचं असंच असतं."

"तेच तर म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या नाक दाबून चेहऱ्यात कोंबलंय पैदास करणाऱ्यांनी. तुझ्या नवऱ्याने असा आवाज काढला तर तू व्हिडिओ काढशील की अँब्युलन्स बोलावशील?"

नवरा म्हणाला, "बिल्कुल व्हिडिओ काढेल ती." त्या एका वाक्यासाठी काकूंनी त्याला माफ केलं, पगला स्वतः क्लिनिकमध्ये नेलं, आणि त्याच्या नाकपुड्यांचं ऑपरेशन होईपर्यंत त्या दोघांना रोज फोन केला. काकूंचं प्रेम हे असं यायचं, शिवीच्या मागून.

पण त्यांचा खरा राग स्वतःवर होता. बर्फी त्यांनी विकत आणली होती. निवृत्तीनंतर एकटं वाटायला लागलं, नवरा आधीच गेलेला, मुलगी बंगळुरूला. कुणीतरी धर्मवीरजींचा पत्ता दिला. पिल्लू गोंडस होतं आणि सोबत कुत्र्यांच्या क्लबचा वंशावळीचा कागद होता: सोनेरी किनार, शिक्का, तीन पिढ्यांची नावं. "खानदानी बच्ची है जी," धर्मवीरजी म्हणाले. काकूंनी कागद कपाटात ठेवला.

पुढे बर्फी आठ महिन्यांची झाल्यावर तिला त्यांनी स्वतःच्या टेबलावर उताणं झोपवलं आणि फोटो काढला. मी त्या दिवशी क्लिनिकमध्ये होते. स्क्रीनवर चित्र आलं. मला काही कळलं नाही. काकूंनी एप्रन काढून खुंटीला टांगला आणि बर्फीला घेऊन निघाल्या. घरी आल्यावर त्यांनी एक वाटी घेतली, डब्यातला बेसनाचा लाडू काढला आणि वाटीत ठेवला.

"हा खुबा. लाडू मांडीच्या हाडाचा, वाटी कमरेची. वाटी हलव. लाडू पडतो का?"

"नाही."

मग त्यांनी लाडू बशीत ठेवला आणि बशी माझ्या हातात दिली. मी दोन पावलं चालले. लाडू घरंगळत काठावर आला.

"ही बर्फी," काकू म्हणाल्या. "आता आयुष्यभर अशी बशी घेऊन चालणार ती." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बत्तीस वर्षं लोकांना सांगत आली की रिपोर्ट बघा, रिपोर्ट बघा. अन् स्वतः सोनेरी किनार बघून आली."

मग कपाटातून तो कागद निघाला, पहिल्यांदा नीट वाचला गेला. बापाच्या रकान्यात: कर्नल. आईच्या रकान्यात: लक्ष्मी. आणि लक्ष्मीच्या वरच्या रकान्यात, तिचा बाप म्हणून: कर्नल. शिक्क्यानिशी. कुणी काही लपवलंच नव्हतं. वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती, एवढंच.

काकूंनी तिथल्या तिथे धर्मवीरजींना फोन लावला. त्यांचं हिंदी उत्तम होतं, पण संताप आला की ते नागपूरला परत जाई.

"आपके कर्नल के खुबे में दोष होगा! जाँच करवाओ!"

"खूबी?" पलीकडून प्रसन्न आवाज आला. "खूबी तो जी बहुत हैं उसमें. खूबियाँ ही खूबियाँ!"

"खूबी नहीं, खुबा! खुबा!"

"हाँ जी, धन्यवाद जी," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक खूश आहे.

म्हणून आम्ही प्रत्यक्ष गेलो. ओसाड प्लॉट, वीटभट्टीचा धूर, मग एकदम निळं गेट आणि त्यावर कर्नलचा फ्लेक्स. धर्मवीरजी पन्नाशीचे, पांढरा कुर्ता, वागायला इतके आदबशीर की मला रागवायला जागा सापडेना. त्यांनी चहा मागवला. कर्नल आला. सोनेरी, भव्य, हसरा. त्याने काकूंचा हात चाटला आणि अंगणाला दोन चकरा मारल्या. या वेळी काकूंनी खुब्याला शांतपणे 'कूल्हा' हा हिंदी शब्द वापरला.

"देखो! इसके कूल्हे में क्या खराबी सै? हवा की तरह दौड़े सै."

"दौड़ने दो. मुझे फोटो निकालने दो. एक बार."

"क्यूँ जी? बीमार सै के?"

काकूंनी कागद उघडून चहाच्या ट्रेवर ठेवला. "धर्मवीरजी, आपके यहाँ अपने गोत्र में ब्याह करते हैं?"

त्यांनी कानाला हात लावला. "राम राम! गोत तो छोड़ो, म्हारे यहाँ तो गाँव की छोरी भी बहन होवे सै."

"तो यह पढ़ो. बर्फी का बाप कौन? कर्नल. बर्फी का नाना कौन?"

धर्मवीरजींनी वाचलं. बराच वेळ वाचलं. "जानवरों में के गोत, जी. इसने लाइन ब्रीडिंग कहवें सैं. विलायत में भी करें." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि चेहरा उजळला. "और थारे यहाँ? सुना सै महाराष्ट्र में मामा की छोरी तै ब्याह कर लेवें!"

मी तोंड उघडलं, मुद्दे क्रमांक एक ते चार तयार होते. काकूंनी हात वर करून मला गप्प केलं.

"करते हैं," त्या म्हणाल्या. "मैंने किया. मैं ही मामा की लड़की हूँ. नाफडे मेरी आत्या का लड़का था."

धर्मवीरजींना विजय इतक्या सहज मिळेल असं वाटलं नव्हतं. ते जरा ओशाळले.

काकू सांगत राहिल्या. लग्न ठरलं तेव्हा त्या नागपूरला एक्स-रेचं शिक्षण घेत होत्या. कॉलेजात कळलं होतं की जवळच्या नात्यात लग्न केलं तर तोच दोष दोन्हीकडून येऊ शकतो. त्यांनी घरी सांगितलं, पत्रिका नंतर, आधी दोघांचं रक्त तपासा. घरात आकांत झाला. आत्या म्हणाली, "माझ्या मुलात काय खोट आहे?" आत्याने जेवण सोडलं. शेवटी नाफडेच गुपचूप लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आले.

"फिर?" धर्मवीरजींनी विचारलं. त्यांचा चहा गार झाला होता.

"फिर दोष निकला. मेरे खून में. उसके नहीं, मेरे. थॅलेसेमिया का. मैं एकदम तंदुरुस्त, पहाड़ चढ़ जाऊँ, मगर खून में था. उसमें भी होता तो हम ब्याह नहीं करते. उसमें नहीं था, तो कर लिया."

"और सासू ने कुछ ना कहा?"

"जिंदगीभर कहा. उससे क्या होता है?"

धर्मवीरजी हसले. पण मान हलवली. "और जो फोटो खराब आ गई? पूरा इलाका कर्नल को जानता सै."

"तो इसकी नसबंदी करा दो. सोफे पर बैठेगा, रोटी खाएगा. मरेगा थोड़े ही. और अच्छी आई तो भी सोचो मत कि गारंटी मिल गई. बच्चों में खतरा कम होगा, बस. माँ की भी निकालनी पड़ेगी. और अपनी बेटी के पास तो इसे फिर कभी नहीं."

ते गेटपर्यंत सोडायला आले आणि अत्यंत आदराने नाही म्हणाले. येताना काकू म्हणाल्या, "आत्यापेक्षा बरा आहे. जेवण तरी नाही सोडलं."

तीन आठवड्यांनी क्लिनिकसमोर एक गाडी उभी राहिली. काचांना पडदे. मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं. धर्मवीरजी आधी एकटे आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि काउंटरवर हळूच म्हणाले, "नाम मत लिखना."

"नाव लिहावंच लागतं," काकू आतून ओरडल्या. "नाम नहीं तो फोटो किसकी?"

त्यांनी लिहिलं: शेरू.

डॉक्टरांनी शेरूला भूल दिली. काकूंनी शिशाचा एप्रन चढवला, त्याला उताणा केला, मागचे पाय सरळ ताणून पट्ट्यांनी बांधले, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. एखाद्या म्हाताऱ्या बाईचा पदर सारखा करावा तसं त्याचं शेपूट एका बाजूला सारलं. दोन मिनिटांत काम झालं. स्क्रीनवर चित्र आलं. आता मलासुद्धा वाचता येत होतं. दोन्ही बाजूंना बशा होत्या. डावी जास्त सपाट.

धर्मवीरजी स्क्रीनकडे बघत राहिले. "पर यह तो दौड़े सै."

"दौड़ता है. लॅब्रॅडॉर है, दर्द में भी हँसता है. जिस दिन दौड़ना छोड़ेगा, उस दिन तक आधी दिल्ली में इसके बच्चे लँगड़ाएँगे."

त्यांनी कुर्ता सारखा केला. मग ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "जी, यह तो शेरू की फोटो सै. कर्नल की तो खिंची ही कोनी."

आणि कर्नलचा फोटो काढलाच नाही असं ठरवून त्याला शालीत गुंडाळून घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात फ्लेक्सवर नवी ओळ आली: 'कर्नल के बच्चों की बुकिंग चालू'. माझं डोकं फिरलं. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा: 'नजफगडचा जल्लाद'. नाव, पत्ता, एक्स-रेचं चित्र, सगळं. काकूंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पूर्ण वाचलं, एकही खूण केली नाही, चार तुकडे केले.

"पेशंटचा फोटो मी कुणाला दाखवत नाही."

"काकू, कुत्रा आहे तो!"

"माझ्या टेबलावर झोपला तो पेशंट. त्याने सोबत आणला तो नातेवाईक. उद्या असं छापलं तर परवा एकही ब्रीडर कुत्रं घेऊन येणार नाही. मग काढ तू फोटो, मोबाइलने."

"म्हणजे बसून बघायचं? पुढची बर्फी होऊ द्यायची?"

"बसून तर बघायचंच," काकू म्हणाल्या. "कुठे बसायचं ते ठरवू."

रविवारी आम्ही तिथे होतो. मेट्रोत कुत्र्याला घेत नाहीत, म्हणून एक ओळखीचा टॅक्सीवाला पटवला. निळ्या गेटसमोर, रस्त्याच्या सरकारी बाजूला, नालीच्या कठड्यावर काकू बसल्या. शेजारी बर्फी. हातात फलक नाही, घोषणा नाही, मला तोंड उघडायची बंदी. पिल्लू बघायला येणारी गाडी थांबली की काकू उठत, काचेजवळ जात आणि एवढंच विचारत: "माँ-बाप के कूल्हे की फोटो माँगी?" कर्नलबद्दल अवाक्षर नाही. काकू उठल्या की बर्फीही उठायची. आधी पुढचे पाय, मग थांबणं, मग मागचा भाग ओढत वर. लोक तिच्याकडे बघत. मग आत जाऊन विचारत. त्या दिवशी दोन गाड्या रिकाम्या परत गेल्या.

दुसऱ्या रविवारी धर्मवीरजी स्वतः बाहेर आले. हातात प्लास्टिकची खुर्ची.

"माताजी, बुजुर्ग औरत म्हारे गेट पर नाली पे बैठी सै. गाँववाले मन्नै के कहेंगे? इस पे बैठो."

"बैठती हूँ. लेकिन जाऊँगी नहीं."

"मन्नै बेरा सै," ते म्हणाले, म्हणजे ठाऊक आहे मला, आणि चहा पाठवून दिला.

असं पाच रविवार चाललं. दोघांचं भांडण इतकं सभ्य होतं की बघणाऱ्याला वाटावं, नातेवाईक आहेत. ते शेजारून जाताना विचारत, "माताजी, घुटना कैसा सै?" त्या म्हणत, "फोटो निकाली, ठीक है. आप भी निकाल लो." फ्लेक्स मात्र हलत नव्हता, आणि मी प्रत्येक रविवारी परत येताना टॅक्सीत ओरडायचे की याने काही होत नाही. काकू पुढच्या रविवारची टॅक्सी ठरवायच्या.

सहावा रविवार मी पाहिलेला शेवटचा. त्यानंतर मी कामासाठी परभणीला गेले आणि परत आले तेव्हा काकू नव्हत्या. फेब्रुवारीचं ऊन होतं. पांढऱ्या गाडीतून एक कुटुंब आलं, मागे दोन मुली, पिल्लाचं नावसुद्धा ठरवून आलेल्या. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, बर्फी तिच्या पद्धतीने उठली, आणि काकूंनी विचारलं. बाप म्हणाला, "कौन सी फोटो, आंटी?"

तेवढ्यात गेट उघडलं. मला वाटलं, आता शिव्या. धर्मवीरजी गाडीजवळ आले, पण बोलले ते रस्त्याकडे बघून.

"कर्नल के बच्चे इब ना होंगे जी. नसबंदी करा दी परसों. फोटो खराब थी उसकी."

"किसकी?" काकूंनी विचारलं.

"कर्नल की," धर्मवीरजी म्हणाले. "कर्नल की थी फोटो."

मागच्या मुली रडायला लागल्या. बाप गाडी वळवायला लागला. मी काकूंना मिठी मारायला पुढे झाले तर त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं, खुर्ची उचलून गेटच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवली, तिच्यावर बसल्या, शाल सारखी केली आणि धर्मवीरजींना म्हणाल्या, "ठीक. अब लक्ष्मी को कब ला रहे हो?"

धर्मवीरजींनी कपाळावर हात मारला आणि नालीच्या कठड्यावर बसले. काकू खुर्चीत, ते कठड्यावर, मध्ये बर्फी आडवी. परभणीची गाडी गाठायची म्हणून मी एकटीच निघाले, टॅक्सी मागून त्यांना न्यायला येणार होती; ती वळेपर्यंत मला ते तिघं दिसत होते आणि काकूंचं बोट हवेत हलत होतं.

हे वाचून तुम्हाला काकू आवडल्या असतील, तर ते तुमच्याजवळ ठेवा. त्याचा कुणाला उपयोग नाही. तुम्ही पिल्लू विकत घ्यायला जाणार आहात, आज नाही तर पुढच्या वर्षी, किंवा तुमची बहीण जाणार आहे. जाल तेव्हा पिल्लाला मांडीवर घेण्याआधी त्याच्या आईच्या आणि बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. काढलेत का, असं विचारू नका; दाखवा, म्हणा. नाव वाचा, तारीख वाचा, जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरला पाठवा. नाहीत म्हणाले तर रिकाम्या हाताने गाडीत बसा आणि घरी या. मुलं रडतील. रडू द्या.